हेडमास्तरांच्या पोटातला पडदा

मी पडदा बोलतोय. खिडकीचा नाही आणि नाटकाचा तर नाहीच. माझा मुक्काम माणसाच्या पोटात. तळहाताएवढा आकार, कांद्याच्या पापुद्र्याइतकी जाडी. पोटाचं ऑपरेशन झालं की आतली जखम भरता भरता आतडं कधीकधी पोटाच्या भिंतीला चिकटून बसतं. मग ते पिळतं, अडतं आणि पोट पुन्हा उघडावं लागतं. ते टळावं म्हणून मला दोघांच्या मध्ये ठेवतात. आठवडाभर मी मध्ये बसतो, मग विरघळून जातो.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली. शिंकायचं झालं तरी बाहेर जाऊन. मला कोरडं घडवलं, कोरडं बांधलं आणि पाकिटावर ठळक छापलं : ओल्या हाताने धरू नये. पण छापलेलं वाचतो कोण? मला खपवणारा गृहस्थ स्वतःच डॉक्टरांना सांगायचा, "तुम्ही कशाला वाचत बसता, मी आहे ना." ऑपरेशनच्या दिवशी तो नव्हता. माल खपल्यावर असली माणसं दिसत नाहीत, हा माझा अनुभव.

टेबलावर एक हेडमास्तर होते. पहिल्या ऑपरेशनात त्यांचं अपेंडिक्स गेलं. दुसऱ्यात पहिल्याची चिकटण सोडवली. आता तिसऱ्यात दुसऱ्याची. गळकं कौल बदलायला छपरावर चढावं आणि चार नवी फोडून उतरावं, तशातली गत. आदल्या दिवशी डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला स्पष्टच सांगितलं होतं, "बाई, यानंतर परत चिकटलं, तर पोट उघडायला मलाही धीर होणार नाही."

चिकटण सुटली. मग डॉक्टरांनी पाकिटातल्या माझ्या थोरल्या भावाला हात घातला.

"सर, हातमोजे ओले आहेत," सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, मी वीस वर्षं पोटं उघडतोय."

"हो सर. पोटं ओल्या हाताने चालतात. हा कोरडा मागतो."

तोवर भाऊ बोटांना चिकटला होता. एका हाताने सोडवायला गेले, तर दुसऱ्या हाताला. न चिकटण्यासाठी आणलेला माल सर्जनच्या दोन्ही हातांना चिकटलाय, आणि भूल देणारा डॉक्टर एकदम आपल्या यंत्राकडे बारकाईने बघू लागलाय, असं ते दृश्य. सिस्टरांनी कोरडे मोजे पुढे केले. "अजून एक आहे, सर. शेवटचा."

तो मी. डॉक्टरांनी सिस्टरांकडे न बघता मोजे बदलले. पण खरं सांगायला हवं, ठेवलं मात्र मला अगदी हलक्या हाताने, एकही सुरकुती न पाडता.

खरी परीक्षा पुढेच होती. वॉर्डात हेडमास्तरांच्या थोरल्या बहिणीने, ताईंनी, राज्य हाती घेतलं. "कुशीवर वळायचं नाही. टाके उसवतील." डॉक्टर रोज सकाळी यायचे आणि एकच विचारायचे, "वारा सरला का?" ज्यांनी तीस वर्षं त्याच आवाजावर हसणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं केलं, ते हेडमास्तर छताकडे बघून उत्तर द्यायचे, "त्या बाबतीत अद्याप प्रगती नाही." तिसऱ्या दिवशी मेहुण्यांनी फोनवर हाच प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनी तोंडावरून चादर ओढून घेतली.

मी मऊ पडत चाललो होतो. माझ्याखाली आतडी निपचित पडून. साहेब तपासणीला आल्यावर वर्ग बसतो तशी. माझ्या हातात मोजके दिवस, आणि हे हलायला तयार नाहीत.

चौथ्या दिवशी सिस्टर आल्या. "मास्तर, उठा. चालायचंय."

"तुमचं काय जातंय? पोट त्याचं फाटेल," ताई म्हणाल्या.

"टाके धरतील, ताई. आतडी झोपलीत, ती उठवायचीत. चालल्याने चिकटणारच नाही असा शब्द मी देत नाही. पण झोपवून ठेवून तुम्ही कोणता देताय?"

ताईंनी तोंड उघडलं. हेडमास्तर म्हणाले, "ताई, तू बस." साठ वर्षांत ताईंना हे कुणी म्हटलं नव्हतं. त्या बसल्या.

पोटाशी उशी धरून ते निघाले. एक फेरी, दुसरी फेरी. तिसरीत, भेटीच्या ऐन वेळेला, माणसांनी भरलेल्या व्हरांड्यात तो आवाज झाला. चांगला खणखणीत. ताईंना एकाएकी भिंतीवरचं वेळापत्रक वाचावंसं वाटलं. हेडमास्तर मान ताठ ठेवून म्हणाले, "सिस्टर, नोंद करा."

आणि माझ्याखाली आतडं सरकलं. भिंत जागच्या जागी राहिली, ते एकटंच सरकलं.

आज सातवा दिवस. ते घरी निघालेत. डॉक्टर म्हणतात, हात चांगला लागला. ताई म्हणतात, मी जपलं म्हणून. मेहुणे म्हणतात, हे हॉस्पिटल मीच सुचवलं होतं. मी जवळपास पाणी झालोय, त्यामुळे वादात पडत नाही. सर्जन लोकांना एवढीच विनंती : पाकिटावरचं वाचा, नाहीतर वाचणाऱ्या सिस्टरचं ऐका. आणि नातेवाईकांनो, माणसाला उठू द्या.

दाराशी डॉक्टर हेडमास्तरांच्या बायकोला सांगताहेत, "पोट दुखलं, उलट्या झाल्या तर लगेच या. चिकटण कित्येक वर्षांनीसुद्धा दगा देते."

"आणि काहीच झालं नाही तर?"

"मग येऊ नका."

ते येणार नाहीत, या एका भरवशावर मी निरोप घेतो.