फुलीवर टेकलेला बाण

सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास देवगाव फाट्याजवळच्या एका गावात गावच्या मठातल्या मुंजाजी बुवांनी मारुतीच्या पारावर संगणकाचा कागद उलगडला. दुपारी गावानं कासाबाईला दगड मारून हाकललं. साल १९९३.

गावातल्या बायकांच्या अंगावर बिब्ब्यासारख्या काळ्या फुल्या उठत होत्या. भानामती, कुणीतरी करणी करतंय, असं सगळेच म्हणत. बुवांच्या कागदाला दोन्ही कडांनी भोकं होती, मधे फुल्याच फुल्या, आणि खालच्या कोपऱ्यातल्या एकट्या फुलीवर टेकलेला एक बाण. लोक चपला काढून पुढे येत होते.

"परभणीच्या मशिनीनं गावाचा प्लॉट काढलाय," बुवा म्हणाले. "एक फुली म्हंजे एक घर. बाण कुणीकडं गेलाय, तुमीच बघा."

ओढ्याच्या कोपऱ्याला एकच झोपडी होती, शेळ्या राखणाऱ्या कासाबाईची. नाव घ्यायची गरज पडली नाही.

कागद गावच्याच व्यंकटरावांचा. परभणीच्या एका शेती कचेरीत ते संगणक चालवत. सुट्टीत घरी आले असताना बुवांनी हे काय म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी 'प्लॉट' एवढंच सांगितलं आणि रद्दी म्हणून कागद देऊन टाकला. कचेरीत प्लॉट म्हणजे आलेख; गावात प्लॉट म्हणजे घराची जागा. सोमवारी ते पारावरच उभे होते. कचेरीचा कागद बाहेर गेला कसा, असं साहेब विचारतील, म्हणून गप्प राहिले.

गुरुवारी ते परभणीहून दुसरा कागद छापून घेऊन पारावर आले. फुल्या त्याच, पण बुवांनी फाडून टाकलेली खालची पट्टी याला शाबूत होती. तिच्यावर छापलेलं त्यांनी वाचून दाखवलं: आडवा पाऊस, उभा ज्वारीचा उतारा. एक फुली म्हणजे एक वर्ष. कोपऱ्यातली एकटी फुली बहात्तरच्या दुष्काळाची. ती नजरेत यावी म्हणून बाण त्यांनीच काढला होता. आकडेवारीसाठीच्या संगणकाच्या भाषेत बाण काढायचा एक हुकूम असतो. रेघ कुठून निघायची आणि कुठं थांबायची ते माणूस सांगतो, यंत्र रेघ ओढतं आणि टोकाला दोन काड्या जोडतं. यंत्र काही शोधत नाही. या कागदावर त्यांनी मुद्दाम बाण वरच्या कोपऱ्यात सोडला होता.

"वरल्या अंगाला तर बुवाचा मठ हाय," गर्दीतल्या बायनाबाई म्हणाल्या. "मंग आता बुवाला हाकलायचं का?"

बुवा म्हणाले, मशिनीलाच बाधा झाली. कोणी हसलं नाही. दगड उचललेली माणसं आपापल्या चपलांकडे बघत होती.

बाण दिसला की आधी विचारावं, तो काढला कोणी. हे सोमवारी एकानं जरी विचारलं असतं तरी पुरे होतं.

शुक्रवारी व्यंकटराव कासाबाईला आणायला चुडाव्याला, तिच्या बहिणीकडे गेले. तिच्या कपाळावर पट्टी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मशीन बोलत न्हाई, पटलं मला," ती म्हणाली. "पर व्यंकट, तुला तर तोंड हाय. त्या दिशी पारावर हुतास न्हवं?"

व्यंकटराव एकटेच परतले. बायकांच्या अंगावरच्या फुल्या बिब्ब्याच्या तेलानं उठतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते लावतं कोण, हे कळलं नाही. बुवा मानवतच्या एसटीनं निघून गेले. शनिवारी संध्याकाळपर्यंत कासाबाई परतलेली नव्हती, आणि तिच्या शेळ्या ओढ्याकाठी मोकळ्या फिरत होत्या.