पिवळं पाकीट

साहेब, ते बोर्ड त्या पोरीने मोडले नाहीत. तुम्ही मोडवून घेतलेत आणि माणूस मेल्यावर तिच्या माथी मारलेत. वरच्या मजल्यावर काचेआड बसता म्हणून खालचं दिसत नाही, ही सबब नको. त्या काचेतून सगळं दिसतं. चुंग मेई-चू एकदा सहीसाठी वर गेली होती, तेव्हा तिने स्वतः पाहिलंय.

मेई-चूला सगळे आचू म्हणत. ताओयुआनच्या त्या कारखान्यात तिचं अर्धं आयुष्य बोर्ड सुटे करण्यात गेलं. इलेक्ट्रॉनिक उपकरणांत बसवायचे हे छोटे बोर्ड, थाळीत थापलेल्या वड्यांसारखे, एकाच सपाट पाटीत एकमेकांना चिकटलेले येतात. आधी लेझर प्रत्येकावर आकडा भाजतो: दिवस कोणता आणि लेझरवर कोण होतं. मग पाटी कापायच्या यंत्रात जाते. आधी आकडा, मग कापणं. हा क्रम कारखान्यात झाडूवालीलाही ठाऊक आहे.

लेझरवर दोआन लियन होती, व्हिएतनामहून आलेली. यंत्रं बिघडू नयेत म्हणून त्यांच्यावर खाऊचं पाकीट ठेवायची तिथे रीत आहे; ते काम नव्या माणसाकडे असतं, म्हणून तेही तिच्याकडेच. पाकीट हिरवं हवं, खोबऱ्याच्या चवीचं. तारीख उलटायच्या आत बदलायचं. मग यंत्र शहाण्यासारखं वागतं. यावर तिथे कोणी हसत नाही, इंजिनियरसुद्धा नाही.

एका सकाळी लियनने कापायच्या यंत्रावर पिवळं ठेवलं.

"अगं बाई, पिवळं?" आचू म्हणाली. "यंत्राला शेअर बाजारात धाडतेस का? पिवळं पैशासाठी असतं."

"दुकानात हिरवं नव्हतं, ताई. खाऊ तो खाऊच ना."

"तुला असेल. त्याला चालत नाही. जेवणाच्या सुट्टीत बदल."

जेवणाची सुट्टी व्हायच्या आतच कापायचं यंत्र कर्रकन ओरडून बंद पडलं.

"घ्या, पिवळ्याने दाखवला इंगा," कोणीतरी म्हणालं आणि ते वाक्य सगळीकडे फिरलं. यंत्र कधीपासून कण्हत होतं, आचू सांगून थकली होती, "हा माल जाऊ दे, मग बघू" असं उत्तर मिळत होतं, हे कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

विभागप्रमुख श्याव जिना उतरून आला. फाटकात ट्रक उभा होता.

"वरून मोठ्या साहेबांचा फोन आलाय. गाडी रिकामी जाणार नाही. हाताने मोडा, सुटे करा."

"साहेब, हाताने मोडताना बोर्ड वाकतो," आचू म्हणाली. "कडेला जोडलेले बारके भाग आतून तडकतात. वरून दिसतही नाही."

"दिसत नाही ना? मग कोणाच्या डोळ्यांत खुपणार आहे?"

लोक हसले. आचूही हसली. मग सगळ्यांनी मोडले. कट, कट, कट. लियन तेवढी लेझर सोडून हलली नाही. ती पुढच्या पाट्यांवर आकडे भाजत राहिली.

ते बोर्ड घरी वापरायच्या ऑक्सिजनच्या यंत्रांत गेले. थंडीत, म्याओलीच्या डोंगरातल्या एका घरी म्हातारा त्या यंत्राची नळी लावून दुपारचा पडला होता. यंत्र बंद पडलं आणि धोक्याची शिटीही वाजली नाही. सून चहा घेऊन आली, तेव्हा सगळं संपलं होतं.

बोर्ड परत आला. तडा सापडला. आकडा वाचला. लियनचा.

सकाळच्या हजेरीला सगळे रांगेत उभे असताना श्यावने वाचून दाखवलं: हलगर्जीपणा, करार रद्द, परदेशी कामगार पुरवणाऱ्या एजंटची गाडी आजच हिला न्यायला येईल. वर म्हणाला, "हिचं लक्ष कधी नव्हतंच. पिवळं पाकीट कोणी ठेवलं होतं, आठवतंय ना?"

आणि माना हलल्या. रोज एका टेबलावर भात खाणाऱ्यांच्या माना. आपल्याच हातांनी बोर्ड मोडणाऱ्यांच्या.

लियन आचूच्या कानाशी आली. "ताई, खरंच पिवळ्यामुळे झालं का? तो म्हातारा माझ्यामुळे गेला?"

आचूने मारलेला टोमणा तिने मनात जपून ठेवला होता. आचू कापायच्या यंत्राकडे गेली, त्यावर आता ठेवलेलं हिरवं पाकीट उचललं आणि श्यावच्या टेबलावर, त्याच्या कपाशेजारी नीट उभं केलं.

"हे काय?"

"जे नीट वागत नाही, त्याच्यापुढे ठेवतात."

कोणी हसलं नाही.

"आकडा लेझरवर कोण होतं ते सांगतो," आचू म्हणाली. "मोडला कोणी ते सांगत नाही. हे तुम्हालाही ठाऊक आहे. तो बोर्ड माझ्या हातचा असेल. ह्याच्या असेल, तिच्या असेल. हिच्या हातचा मात्र नव्हता. हिने एकही मोडला नाही."

"आचू, तुझं निवृत्तीचं वय जवळ आलंय. जागेवर जा."

"जाते की. आधी सांगा, हाताने मोडा असं कोण म्हणालं?"

श्यावने काचेकडे मान वर केली. कामाला निघालेली रांग जागीच थांबली. यंत्रं चालू करायला कोणी गेलं नाही.

आचूनेही वर पाहिलं. काचेआड कोणीतरी उभं होतं.

"तुम्हालाच विचारतेय, साहेब," ती म्हणाली. "खाली या. ह्या पोरीच्या समोर उभं राहून सांगा. हाताने मोडा असं कोण म्हणालं?"