भिंतीवरचा पत्रा

वायरमन जाऊन वर्ष होत आलं, तरी त्याच्या बायकोने मागची खोली आवरली नव्हती. तिथल्या गार दगडी भिंतीवर त्याने एक काळा पत्रा ठोकला होता आणि त्याला इवलासा दिवा जोडला होता. ना बटण, ना सेल. न्यूट्रिनो नावाचे कण आकाशातून येतात नि आपल्या अंगातून आरपार जातात, त्यांनाच मी पत्र्यात अडवलंय, एक दिवस त्यांच्यावर घराघरांत दिवे लागतील, असं तो सांगायचा. लोक तोंडावर माना डोलवायचे आणि पाठ फिरली की हसायचे.

ती रोज दुपारी तिथे जाऊन बसे. कण येताहेत का ते कळायला तळवा पत्र्यावर टेकवायचा, ही नवऱ्याची शिकवण. ती टेकवे. हळूहळू दिवा लागे, आणि पाठीमागे कोणी येऊन उभं राहिल्यासारखं वाटे. वळून बघायचं धाडस तिने कधी केलं नाही.

आज तिने धाकट्या दिराला मुद्दाम बोलावलं होतं. तो जमिनीखालच्या प्रयोगशाळेत हेच कण मोजायचा.

"भावोजी, खरं सांगा. तुमचा भाऊ खुळा होता का शहाणा?"

"तुम्ही संसार केलात त्याच्याशी. तुम्हाला नाही कळलं, तर मला काय कळणार!"

"थट्टा पुरे. लोकांना काय उत्तर देऊ, ते सांगा."

तिच्या तळव्यापाशी दिवा उजळला होता. दीर वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "हात काढा बरं."

तिने काढला. दिवा मंदावला, विझला.

"वहिनी, हे कण डोंगरातूनसुद्धा न अडखळता जातात. आम्ही भलंमोठं टाकं भरून वाट बघतो, तेव्हा कुठे एखादा धडकतो. जो थांबतच नाही, त्याला कामाला कसं जुंपणार? पत्र्याची एक बाजू भिंतीने गार, दुसरी तुमच्या हाताने गरम. त्या फरकावर दिवा लागतो. ऊब तुमची आहे."

तिला आठवलं. शेवटच्या आजारात नवरा भिंतीला धरत धरत इथवर आला होता. दोन्ही हात पत्र्यावर ठेवले, पण दिवा लागला नाही. "चुकलंच माझं," म्हणून जाऊन पडला तो पडलाच.

"म्हणजे त्यांचे हात गार पडले होते," ती म्हणाली. "एवढंच ना?"

तिने पुन्हा तळवा टेकवला. दिवा लागला. पाठीमागे पुन्हा तेच, कोणीतरी.

दिरासाठी आणलेला चहा निवून गेला.

"वहिनी, हात उचला आता. अवघडला असेल."

"कसा उचलू? इतके दिवस ते आपल्या पायांनी माझ्या पाठीशी यायचे नि जायचे. आज तुम्ही सांगितलंत, मीच आणते. मग घालवायचं पण मीच?"

तिने हात हलवला नाही, तरी दिवा मंद होऊ लागला. दिराने पत्र्याशेजारच्या दगडाला बोट लावून पाहिलं.

"भिंत तापली, वहिनी."

ती तळवा आणखी दाबत राहिली.