मूठभर कणीक

लताबाईंची लेक चैताली वाळत वाळत अडतीस किलोंवर आली, तेव्हा डॉक्टरांनी आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि सांगितलं, हा सीलिॲक आजार आहे; गव्हाचा कणसुद्धा हिच्या पोटात जाता कामा नये, जन्मभर. पोळी गेली, रवा गेला, बिस्किटं गेली. बाजारच्या हिंगात मैदा असतो म्हणून फोडणीतला हिंगही गेला. एवढ्यावर थांबलं असतं तरी घरात निभावलं असतं. पण दूध-तूप, अंडी-मटण चैतालीने त्याआधीच सोडलं होतं. दूध आणायला ती ज्या तबेल्यात जायची, तिथे नुकतं जन्मलेलं रेडकू आईच्या समोर दाव्याला बांधून उपाशी मारताना तिने पाहिलं होतं. चार दिवस ते ओरडत होतं. नर होतं, कोणाच्या कामाचं नव्हतं.

"मग आता खाणार काय, माती?" तिचा मोठा भाऊ प्रफुल्ल म्हणाला होता. तो अंबडला एका कारखान्यात सुपरवायझर. वडील गेल्यापासून घरात त्याचाच शब्द चालायचा. चैताली मात्र नाचणीची भाकरी, तुरीचं वरण, मेथी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन सावरली. अंबडलाच दुसऱ्या एका कारखान्यात कामाला लागली.

यंदाच्या उन्हाळ्यात ती पुन्हा खंगायला लागली. पोट फुगायचं, जुलाब थांबायचे नाहीत, तोंडात फोड. असं का होतंय, ते घरात दोघांनाच माहीत होतं. "आई, नुसत्या नाचणीत काय ताकद असते? मूठभर कणीक मिसळत जा, तिला कळणारही नाही," असं प्रफुल्ल म्हणाला, आणि लताबाईंनी ऐकलं. दीड महिना ऐकलं. लेकीच्या अंगावर थोडं मांस चढावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

मग एका रविवारी देवळाली कॅम्पहून चैतालीला बघायला पाहुणे आले. लताबाईंनी दूध-तूप घालून शिरा केला होता. चैतालीने बशीला हात लावला नाही आणि कारण विचारल्यावर सगळं खरं सांगून टाकलं. पाहुणे चहा अर्धा ठेवून उठले.

दार लागलं तसं प्रफुल्लने तिची वेणी धरली. फरफटत तिला स्वयंपाकघरात नेलं, भिंतीला दाबलं आणि पातेल्यातला शिरा मूठ भरून तिच्या तोंडात कोंबला. ती गुदमरली. त्याने जबडा आवळून धरला. "गीळ! माझ्यासमोर गीळ!"

चैतालीने त्याचं बोट चावलं, पार हाडापर्यंत. किंचाळत त्याने तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. एकदा. पुन्हा एकदा. कपाळ फुटलं, समोरचा दात तुटून शिऱ्यात पडला.

"अरे, मरेल ती! सोड!" लताबाई ओरडल्या.

"मरते कशाची? दीड महिना गहू खातेय, मेली का? तूच घालतेस ना भाकरीत? सांग तिला!"

रक्ताने एक डोळा मिटला होता. दुसऱ्या डोळ्याने चैतालीने आईकडे पाहिलं. प्रफुल्लने पुन्हा हात उगारला, तेव्हा लताबाईंनी शेगडीवरचा लोखंडी तवा उचलला आणि लेकाच्या खांद्यावर हाणला. कडकन हाड मोडलं. तो गुडघ्यावर आला. दुसरा फटका मारायची गरज नव्हती. त्यांनी मारला.

सरकारी दवाखान्यात चैतालीच्या कपाळाला सात टाके पडले, प्रफुल्लचा हात गळ्यात बांधला. हवालदार जबाब घ्यायला आले. लताबाईंनी लेकाचं सांगितलं, तव्याचे दोन्ही फटके सांगितले आणि शेवटी कणकेचंही सांगितलं.

हवालदार हसले. "पीठ मिसळणं काय गुन्हा आहे का, आजी?"

"लिहा," चैताली टाके घातलेलं डोकं उशीवरून न उचलता म्हणाली. "ती सांगतेय ना, तसंच लिहा."

त्यांनी लिहिलं.

चैताली घरी परत गेली नाही. हरसूलची सविता तिच्याच कारखान्यात होती. चैताली तिच्या खोलीत राहायला गेली. लताबाईही पिशवी घेऊन मागोमाग गेल्या. सविताने त्यांना आत घेतलं, चैतालीने हाकललं नाही. सविताची आई भागीबाई गावाकडून नागली, म्हणजे नाचणीच, पाठवायची. ती निवडणं, दळणं, मळणं सगळं चैताली स्वतः करायची. लताबाई पिठाच्या डब्याकडे वळल्या की ती मान वर न करता म्हणायची, "राहू दे."

सहा महिन्यांत तिचं वजन चार किलोंनी वाढलं. पुढचा दात मात्र तिने बसवून घेतला नाही. एकदा जेवताना लताबाईंना राहवलं नाही.

"माझ्या हातचं कधी खाशील गं?"

चैतालीने तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली.

"माहीत नाही," ती म्हणाली आणि भाकरी आईच्या ताटात टाकली. "तू जेव. गरम आहे तोवर."

लताबाईंनी घास मोडला. चैताली पुढची भाकरी थापायला लागली होती.