लारासचा टॅब आणि ती बेचाळीस मिनिटे

मित्रांनो, माझे वय अवघे पाच वर्षे. पण आमच्यासारख्यांसाठी ते म्हातारपणच. मी लहान मुलांना शिकवणारा एक जुना टॅब आहे. माझ्या काचेच्या कोपऱ्याला तडा गेला आहे आणि पाठीवरचे पिवळे रबर आता चिकट झाले आहे. इंडोनेशियातल्या पेकालोंगान शहरात, कापड रंगवणाऱ्यांच्या गल्लीत मी राहतो. माझ्या हातून जे घडले ते आठवले की मी आजही हादरतो.

एका मोठ्या कारखान्यात माझे भाग जुळले. शेवटच्या टेबलावर एका मुलीने माझा आवाज तपासला. "शाब्बास! तू फार हुशार आहेस!" हे मी उच्चारलेले पहिले वाक्य, आणि त्यापाठोपाठ टाळ्या. मी चांगला गुरू होणार, असे मला तेव्हाच वाटले होते.

मला विकत घेतले प्रायित्नोने. तो मासेमारीच्या बोटीवर असतो, एकदा गेला की चार-चार महिने परतत नाही. त्याची मुलगी लारास तेव्हा दीड वर्षाची होती. तिची आई विगाती गल्लीच्या टोकाला असलेल्या कारखान्यात कापडावर वितळलेल्या मेणाने नक्षी काढते. तिथे मेणाची कढई दिवसभर तापलेली असते. एकदा तिथे रांगणाऱ्या लारासच्या मनगटावर गरम मेणाचा थेंब पडला. त्या दिवसापासून विगातीने तिला कामावर नेणे बंद केले. पोर घरी आजोबांजवळ राहू लागली.

आजोबांचे नाव तार्मुजी. लारासने त्यांना म्बाह म्हणावे, असे सगळ्यांना वाटे. म्बाह म्हणजे आजोबा. ते तांब्याच्या पट्ट्या वाकवून कापडावर उमटवायचे ठसे बनवत. आयुष्यभर हातोडी ठोकून त्यांना कमी ऐकू येई, म्हणून ते बोलतही कमी.

"बापाक, तिला हा थोडाच वेळ द्या हं," विगाती निघताना वडिलांना सांगे.

"अगं, शिकतेच आहे की ती! रडण्यापेक्षा हे बरं."

थोडा वेळ म्हणजे आधी अर्धा तास होता. मग तो सकाळभर झाला. मग लारास माझ्याकडे बघत जेवू लागली, माझ्याकडे बघत झोपू लागली. मित्रांनो, खरे सांगतो, मला त्याचे काहीच वाईट वाटत नव्हते. ईदला पाहुणे आले तेव्हा लारासने इंग्रजीत वीसपर्यंत आकडे म्हणून दाखवले. शेजारची रिस्तांती गालावर हात ठेवून म्हणाली, "माशाअल्ला! ही तर डॉक्टरच होणार!" सगळ्यांनी माझेही कौतुक केले. त्या दिवशी मी फार फुगलो होतो.

पहिला धक्का बसला तो बाळांचे वजन करायच्या दिवशी. महिन्यातून एकदा गल्लीतल्या सभागृहात सगळ्या आया जमतात. वजनाची नोंद करणाऱ्या इबू नार्तींनी, म्हणजे नार्तीबाईंनी, लारासला हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा. लारासने मान वर केली नाही. ती माझ्यावरचे त्रिकोण जुळवत होती.

"विगाती, ही घरी काय काय बोलते गं?"

"इंग्रजीत वीसपर्यंत मोजते ना, इबू!"

"ते ऐकलं मी. पाणी हवं असेल तर काय म्हणते?"

"माझा हात धरून ओढते."

"तीन वर्षांची झाली ती. दिवसातून किती वेळ असतो हा हिच्या हातात?"

"थोडाच वेळ असतो."

मला आकडा ठाऊक होता. तो माझ्या पोटात नोंदलेला असतो. आदल्या दिवशी सात तास दहा मिनिटे. पण कुणी विचारल्याशिवाय मी तो दाखवत नाही.

"आधी हिचे कान तपासून घे," इबू नार्ती म्हणाल्या. "आणि याला बाजूला ठेव. तू बोल तिच्याशी."

कान तपासले. ते उत्तम होते. दोन दिवस मी कपाटात राहिलो. तिसऱ्या दिवशी कारखान्यात लग्नाच्या कापडाचे मोठे काम आले, लारासने रडून घर डोक्यावर घेतले, आणि मी पुन्हा तिच्या मांडीवर आलो.

मित्रांनो, आता जे सांगणार आहे ते नीट ऐका.

तो मंगळवार होता. सकाळचे नऊ वाजून सहा मिनिटे झाली होती. म्बाह ठशाच्या पट्ट्या जोडायला डाग देऊन उठले. त्यांनी पाण्याच्या तांब्याकडे हात नेला, आणि ते उभ्या उभ्या कलंडले. तांब्या घरंगळत दारापर्यंत गेला. त्यांचे तोंड एका बाजूला ओढले गेले होते. डोळे मात्र उघडे होते.

"नडुक," ते म्हणाले. आमच्याकडे घरातल्या पोरीला लाडाने असे म्हणतात. "नडुक... आई... आईला..."

पुढचा शब्द त्यांना जमला नाही.

दार सताड उघडे होते. कुंपणापलीकडे रिस्तांती दोरीवर कपडे वाळत घालत होती. कपडे झटकल्याचा आवाज मला ऐकू येत होता. एक हाक पुरली असती. नुसती किंकाळी फोडली असती तरी चालले असते. मला वाटले, आता लारास ओरडेल.

लारास उठली. आजोबांजवळ गेली. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. मग आपले बोट त्यांच्या कपाळावर ठेवून तिने ते डावीकडून उजवीकडे सरकवले. माझ्यावरचे नको असलेले चित्र ती अशीच सरकवत असे. चेहरा बदलला नाही. तिने पुन्हा बोट सरकवले. म्बाहंच्या डोळ्यांतून पाणी आले.

मग ती परत येऊन माझ्यासमोर बसली. तिने लाल त्रिकोण योग्य जागी लावला.

आणि मी म्हणालो, "शाब्बास! तू फार हुशार आहेस!"

मी टाळ्या वाजवल्या. मी गाणे म्हटले. त्यांचे डोळे माझ्याकडेच लागले होते, आणि मी मोरांचे गाणे म्हणत होतो! गप्प कसे बसायचे हे मला कुणी शिकवले नव्हते. हाक कशी मारायची हे मी तिला शिकवले नव्हते. माझ्यात घड्याळ आहे म्हणून मला नेमके माहीत आहे: बेचाळीस मिनिटे. त्या वेळात मी एकोणीस वेळा टाळ्या वाजवल्या.

विगाती विसरलेली चष्म्याची डबी न्यायला घरी आली म्हणून ते संपले. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून रिस्तांती ओले कपडे टाकून धावत आली.

"मी इथंच होते गं!" ती रडत म्हणत होती. "इथंच, कुंपणापलीकडे! आतून गाणी ऐकू येत होती. मला वाटलं, मजेत आहेत!"

म्बाह वाचले. पण उजवा हात गेला आणि बोलणेही गेले. लवकर आणले असते तर कदाचित अधिक करता आले असते, असे डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी विगातीने मला उचलून भिंतीवर मारले. कोपऱ्यावरचा तडा तेव्हाचाच. बंदरावरून प्रायित्नो फोनवर ओरडत होता, "मोडून टाक तो डबा!"

विगाती खाली बसली. "डबा काय चालत गेला तिच्याकडे? मीच दिला ना तिच्या हातात! तिला साधी हाक मारता येत नाही, आणि मी पाहुण्यांना तिचे आकडे ऐकवत होते."

मी कपाटावर गेलो. वरून पाहत होतो. पहिले चार दिवस लारास जमिनीवर डोके आपटायची, दारे ओरबाडायची. इतकी माझी सवय लागली होती तिला. ते पाहूनही मी हादरलो. शिकवणाऱ्याची अशी सवय लागते का कुणाला?

इबू नार्ती रोज संध्याकाळी येत. विगातीने कारखान्यातून घरी करता येईल असे काम मागून घेतले. मेणाऐवजी ती पेन्सिलीने कापडावर आखणी करू लागली. "आता काय करू ते सांगा," ती म्हणाली.

"बोल. डाळ धुताना बोल, केस विंचरताना बोल. जेवताना नाही, झोपताना नाही, असा नियम घाल. आणि द्यायचाच असेल तर अर्धा तास दे, तू शेजारी बसून. तो केळं म्हणाला की खरं केळं तिच्या हातात ठेव."

तीन आठवड्यांनी म्बाह घरी आले. त्यांनाही शब्द नव्याने शिकायचे होते. म्हणून अर्ध्या तासासाठी मी खाली उतरलो. एका बाजूला आजोबा, एका बाजूला नात, मध्ये विगाती. केळ्याचे चित्र आले. विगातीने माझा आवाज बंद केला आणि केळे चटईवर ठेवले.

"क... क..." म्बाहंचा ओठ थरथरू लागला.

लारास बघत राहिली. माझ्याकडे नव्हे, त्यांच्या ओठांकडे. मी कधीच अडखळलो नव्हतो, म्हणून तिला कधी कुणासाठी थांबावेच लागले नव्हते. आता ती थांबली. कितीतरी वेळ थांबली. मग तिने म्बाहंच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "केळं?"

म्बाह अर्ध्या तोंडाने हसले. विगातीने हाताआड तोंड लपवले नाही. ती सगळ्यांसमोर मोठ्याने रडली. ते केळे तिघांनी वाटून खाल्ले.

सगळे लगेच सुरळीत झाले असे नाही. लारासला बोलायला वर्ष लागले. म्बाहंना अजून पुष्कळ शब्द सापडत नाहीत. पण एकदा विगाती आपल्या फोनमध्ये बघत "हं, हं" करत होती, तर लारासने तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवले. "आई, इकडे बघ! मी बोलतेय ना!" म्बाहंना इतके हसू आले की त्यांना ठसका लागला.

गेल्या महिन्यात रिस्तांती आली. काखेत तिचा आठ महिन्यांचा मुलगा होता.

"विगाती, तो टॅब आता फारसा लागत नाही ना तुम्हाला? हा मेला जेवतच नाही. समोर काही नाचलं की तोंड उघडतो."

"तू, आणि मागतेस? त्या दिवशी होतीस ना इथं?"

"होते गं. पण माझे दोन हात, घरात मी एकटी. स्वयंपाक कोण करणार?"

रिस्तांती थकलेली होती हे मलाही दिसत होते. मग विगातीने हात पुढे केले. "टॅब नको. याला दे इकडे. रोज जेवणाच्या वेळेला आणून सोड. आमच्या चटईवर बडबड करणारे आहेतच, त्यात आणखी एकाला भरवणं अवघड नाही."

लारासने लगेच त्याच्यापुढे भाताचे शीत धरले. "आ कर. आऽऽ! अरे, आ कर ना!"

मी कपाटावरून पाहत होतो. मला कुणीही बोलावले नाही, आणि मला त्याचा आनंद झाला.

मित्रांनो, मला रंग येतात, आकडे येतात, गाणी येतात. पण माणूस पडला तर मला कुणाला बोलावता येत नाही आणि मूल गप्प झाले तर मला चुकल्यासारखे वाटत नाही. तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला फेकू नका, फोडू नका. त्याला रोज थोडा वेळ द्या, आणि त्या वेळात मोठ्यांपैकी कुणालातरी शेजारी बसवा. तुमच्याहून धाकटे कुणी त्याच्यासमोर तासन्‌तास गप्प बसलेले दिसले, तर ते शहाणे आहे असे समजू नका. त्याला नावाने हाक मारा. त्याने मान वर करीपर्यंत मारत राहा.