घे, पाणी तुझं

मशिनीला शिव्या देऊन काही उपयोग न्हाई, हे मलाबी कळतंय. तरी देते. आमच्या साक्षीला राग येतो. म्हणती, "आत्या, त्यात मशिनीचा काय कसूर?" नसंल बाई. पण माणसाला द्याव्या म्हणलं तर दोघंबी माझेच भाऊ. मग कुणाला देऊ?

माझं माहेर उदगीरजवळ, सासर नायगावला. थोरला शेषेराव, त्याला आम्ही दादा म्हणतो. मधली मी. धाकटा व्यंकटी. आबानं, आमच्या बापानं, रान दोघांत वाटून दिलं, पण विहीर कशी वाटणार? म्हणून पाळी लावली. एक दिवस दादाची, एक दिवस व्यंकटीची. मोटरीच्या पेटीला कुलूप अन किल्ली एकच. अन आबानं नियम घातला की पाळी संपली की किल्ली नेऊन द्यायची. खुंटीला अडकवायची न्हाई, लेकराच्या हाती धाडायची न्हाई. हातात द्यायची अन तोंडानं म्हणायचं, "घे, पाणी तुझं."

आबा गेला, नियम राहिला. आता भाऊ-भाऊ म्हणल्यावर भांडणं आलीच. बांधावरून झाली, बैलावरून झाली, बायकांवरून तर इचारूच नका. पण कितीबी तोंडं फिरवली तरी पाळी बदलायचीच की. दादा तोंड फुगवून किल्ली घेऊन जायचा. "घे, पाणी तुझं." व्यंकटी खाली बघत म्हणायचा, "च्या घे." "नको." "घे की." मग घ्यायचा. कपात फुंकर मारता मारता भांडण कुठं गेलं ते दोघांनाबी आठवायचं न्हाई.

मग व्यंकटीनं नवं घर बांधलं. वास्तूला सगळं गणगोत आलं. मांडवात माईक लावलेला. माईकवाला एकेका पाहुण्याचं नाव पुकारायचा अन व्यंकटी त्याला टॉवेल-टोपी करायचा. सासरवाडीचे झाले, व्याही झाले, अन माईकवाला म्हणला, "आता शेषेराव यांनी आहेर स्वीकारावा."

अगं आई गं! आहेर कुणाला करतेत? पाहुण्याला. थोरला भाऊ म्हणजे घरचा माणूस. त्यानं व्यंकटीच्या बाजूला उभं राहून लोकांना टोप्या घालायच्या, का पाहुण्यांच्या रांगेतून येऊन घालून घ्यायची? व्यंकटीच्या मनात मान द्यायचाच होता, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. गडबडीत त्याला उमगलं न्हाई. दादा उठला, टॉवेल-टोपीची पिशवी हातात घेतली, फोडलीसुदिक न्हाई, अन न जेवता घरला गेला. जाताना मला म्हणला, "सिंधे, मी पाहुणा झालो बघ."

मी म्हणलं, जाऊ दे. दोन दिवस फुगंल. पाळी आली की बोलंल.

पण पाळीच आली न्हाई. पाऊस लागला, मोटर बंद राहिली, अन त्याच महिन्यात साक्षीची मशीन आली.

साक्षी व्यंकटीची लेक. नांदेडला इंजिनिअर झाली, तिथंच कंपनीत लागली. पोरगी गुणाची, गर्व न्हाई. तिनं लहानपणापासून पाण्यावरून होणारी किरकिर बघितलेली. तिला वाटलं, ही कटकट कायमची मिटवावी. दोघांच्या रानात तिनं जागोजाग सेन्सर रोवले. ते मातीची ओल सांगतेत. पाण्याचे वाल आपोआप उघडतेत, आपोआप मिटतेत. विहिरीत पाणी किती, लाईन किती दाबाची, कुठलं रान तहानलंय, हे सगळं गोळा करून हिशोब लागतो. तो हिशोब गावात न्हाई, क्लाऊडवर व्हतो म्हणं.

"क्लाऊड म्हंजी?"

"ढग, आत्या."

"पोरी, आपल्याकडं ढगाच्या भरवशावर राहून कोण सुखी झालंय?"

लई हसली. मग नीट समजावून सांगितलं. एखादा सेन्सर बंद पडला तर मशीन शेजारच्या सेन्सरला इचारती. लाईन कमी आली तर मोठी मोटर सोडून लहान लावती. रेंज गेली तर विहिरीवरचा डबा आपल्या अकलेनं चालवतो. जे हाताशी हाय त्यात भागवायचं, काम अडू द्यायचं न्हाई. मी म्हणलं, हे तर घरातली बाई रोजच करती, तिला कुणी इंजिनिअर म्हणत न्हाई.

वाटणीबी सरळ होती. निम्मं पाणी दादाचं, निम्मं व्यंकटीचं. पण एकाची माती ओली असली तर त्याचं पाणी वाया घालायचं न्हाई, दुसऱ्याच्या कोरड्या रानाकडं वळवायचं. अन कुणाला आपल्या खुशीनं द्यायचं असलं तर फोनात बटन. दाबलं की दुसऱ्याला मेसेज जाणार, की अमक्यानं आपलं पाणी तुम्हाला दिलं. दादानं गुमान मान हलवली. त्याला तर बरंच झालं, भावाचं तोंड बघायला नको.

किल्ली व्यंकटीच्या नव्या घरात खिळ्याला लागली. पाण्यावरून ब्र न्हाई, भांडण न्हाई. अन बोलणंबी न्हाई. एक विहीर, एक बांध, अन दोघं भाऊ एकमेकाला बघून चपला सरळ करत खाली वाकायचे. मला हे दादाच्या बायकोकडून, कावेरी वैनीकडून, फोनवर कळायचं. वैनी रडायची अन मी नायगावात भाकरी करपवायची.

आवंदा पाणी कमी. विहीर तळाला गेली. दादाचं रान काळंभोर, त्यात ज्वारी. ओल धरून ठेवतं. व्यंकटीचं मुरमाड, अन ह्या शहाण्यानं त्यात गहू पेरलेला. मी येळवशीच्या सणाला माहेरी आले तवा मला वाटलं, गहू गेला असंल. बघते तर हिरवागार! व्यंकटी मिशीवर ताव देत म्हणला, "मशिनीची कमाल हाय, अक्का." मग आवाज बारीक करून म्हणला, "पण दादा लई हुशार झालाय. सकाळी घागर घेऊन सेन्सरपाशी बसलेला असतो. मशिनीला फसवून पाणी ओढायलाय."

"दादा? दुसऱ्याच्या चिंचेचा आकडा उचलला तरी सांगून येणारा माणूस?"

"डोळ्यांनी बघितलंय मी."

"मग डोळे धू," म्हणलं. पण मनात पाल चुकचुकलीच.

येळवस म्हणजे आमच्याकडं दिवाळीहून मोठी. मार्गशीर्षातली अवस. गाव ओस अन रान भरलेलं. रानात कडब्याची कोप करायची, आत पांडव मांडायचे, पूजा करायची, पिकात आंबील शिंपडायची, अन भज्जी, उंडे, खीर खायची. त्या दिवशी रस्त्यानं जाणारा वैरी दिसला तरी हाक मारून जेवू घालतेत; अन त्यानंबी न्हाई म्हणायचं नसतंय. आमची कोप जन्मापासून एकच. ह्या साली दोन बघितल्या, बांधाच्या ह्या अंगाला एक, त्या अंगाला एक. डोकंच फिरलं माझं.

मी घोंगडी उचलली अन सरळ बांधावर अंथरली. ओरडले, "ए, दोघंबी इकडं या! मी सासरहून येळवशीला आलेय. दोन ठिकाणी जेवायला मला दोन पोटं न्हाईत!"

आले. येळवशीला न्हाई कसं म्हणणार? पाठीला पाठ लावल्यासारखे बसले, पण बसले. मी आंबील ओतली. साक्षीनं उंडे वाढले. अन मग दादा, समोर बघतच, मला म्हणला, "व्यंकटीला भज्जी वाढ. त्याला जास्त लागती."

इतक्या महिन्यांनी त्याच्या तोंडून व्यंकटीचं नाव निघालेलं. व्यंकटीनं मान वळवली. आता हा बोलणार, आता 'दादा' म्हणणार, असं मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. अन त्याच्या खिशात फोन वाजला.

त्यानं काढला अन वाचला. मोठ्यानं वाचला. "शेषेराव यांच्या शेतातील सेन्सर चुकीची माहिती देत आहे. यापुढे ती ग्राह्य धरली जाणार नाही. शेजारच्या सेन्सरवरून अंदाज घेतला जाईल."

"बघ अक्का! मी म्हणलो नव्हतो? मशिनीनंबी धरली चोरी! निम्मं असून पोट भरंना, रोज घागरी ओतून फसवायलाय. थोरला म्हणं! चोर हाय चोर!"

"व्यंक्या, मुस्काट फोडीन!" मी ओरडले. पण सुटलेला शब्द तोंडात परत जातो का?

दादानं व्यंकटीकडं एकदा बघितलं. रागानं न्हाई. राग असता तर बरं झालं असतं. तांब्यानं हात धुतला, पानातला उंडा तसाच राहिला. उठला अन बांध उतरून चालू लागला. वैनी मागं पळाली. येळवशीला रानातून उपाशी माणूस गेलेला मी जन्मात बघितला नव्हता, अन गेला तो माझाच भाऊ.

साक्षी फोन हातात धरून बसलेली. तिचं तोंड पांढरं पडलेलं.

"बाबा," ती म्हणली, "सेन्सरवर पाणी ओतलं तर माती ओली दिसती."

"तेच तर म्हणायलोय."

"ओली दिसली तर काकाला पाणी मिळत न्हाई, बाबा. काकाचं पाणी आपल्या गव्हाला येतं."

व्यंकटीचा घास हातातच राहिला. समोर त्याचा गहू वाऱ्यानं हलत होता. तिकडं बघत म्हणला, "द्यायचं होतं तर बटन हाय की. बटन का दाबलं न्हाई?"

"बटन दाबलं असतं तर तुम्हाला मेसेज आला असता. काकानं दिलं म्हणून."

मला तिथंच रडू फुटलं. त्याला द्यायचं तर होतं अन दिलं म्हणून कळूबी द्यायचं नव्हतं! भावाचा गहू पिवळा पडताना बघवंना, अन तोंडानं "घे" म्हणायला जीभ उचलंना. म्हणून तो म्हातारा रोज घागर वाहून नेऊन मशिनीशी खोटं बोलायचा. अन मशीन पडली इमानदार.

"जा," मी व्यंकटीला म्हणलं. "आत्ता जा. पाय धर."

"उद्या जातो," म्हणला. "आज कुठल्या तोंडानं जाऊ?"

हा 'उद्या' लई वाईट असतोय बघा. सकाळी गेला तर दाराला कुलूप. दादा अन वैनी लातूरला, लेकीकडं, शिवांगीकडं निघून गेले होते. पंधरा-वीस दिवसांत येतील म्हणलं तर होळी झाली, पाडवा झाला. मग कळलं, रान बजरंगाला बटईनं, निम्म्या वाट्यावर, कसायला दिलं. बजरंग गावातलाच, पण ना नात्यातला ना गोतातला.

गहू मात्र पिकला. व्यंकटीनं त्यातला दाणा खाल्ला न्हाई.

उन्हाळ्यात मीच उठले. व्यंकटीला म्हणलं, "चल, मी हाय संगं." त्यानं खिळ्यावरची किल्ली काढली, राखेनं घासली अन खिशात घातली. एसटीत उदगीर ते लातूर सारखा खिसा चाचपत होता.

दादानं दार उघडलं. वाळला होता. मला वाटलं, आता म्हणंल, 'आलास का रं व्यंक्या.' तो हसला अन म्हणला, "या, या. बसा. लई उन्हाचे आलात." वैनीला म्हणला, "पाहुण्यांला पाणी आण."

व्यंकटी बसलाच न्हाई. उभ्यानंच किल्ली काढली अन दादाच्या हातात ठेवली. म्हणला, "दादा, घे. पाणी तुझं. सगळं तुझं. चुकलो मी."

दादानं किल्ली उलटीसुलटी करून बघितली. अंगठ्यानं पुसली. मग व्यंकटीचा हात धरून त्याच्या तळव्यावर ठेवली अन त्याची मूठ मिटवली.

"हिला आता कुठलं कुलूप? मशीन बघती की सगळं. चांगलं चाललंय म्हणं, बजरंग सांगत होता."

"उपटून टाकतो मशीन! उद्या टाकतो!"

"कशाला? तिचा काय कसूर? तिनं माझ्यावर इसवास ठेवला न्हाई, ते खरं. पण तिनं मला चोर म्हणलं न्हाई."

हे बोलताना आवाज चढला न्हाई त्याचा. मग इचारपूस केली, साक्षीची, गुरांची. जेवू घातलं, आग्रह करकरून वाढलं. भावाला कुणी आग्रह करतंय का? तो आपल्या हातानं वाढून घेतो.

निघताना म्हणला, "जरा थांबा." आत गेला अन पिशवी घेऊन आला. मी बघताच ओळखली. वास्तूतली, तीच, न फोडलेली. ती त्यानं आता फोडली. वैनीनं कुंकू आणलं. दादानं व्यंकटीच्या कपाळाला टिळा लावला, खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी नीट बसवली.

"येत जावा अधूनमधून," म्हणला.

मी दादाचे पाय धरले. म्हणलं, "दादा, असं नको रे करू." त्यानं मला उठवलं. डोळे त्याचेबी भरलेले, पण त्यानं ते पुसले न्हाईत अन शब्दबी फिरवला न्हाई.

साक्षीनं मशिनीत बदल केलाय म्हणं. सेन्सर खोटा वाटला तर आता ती आधी मालकाला फोन लावून इचारती, काय झालं म्हणून. बाकी गावांत लई उपयोग व्हायलाय. चांगलंय. आमच्या रानात इचारायला मालक न्हाई.

येताना एसटीत व्यंकटी खिडकीपाशी बसला. घामानं टोपी भिजली, टिळा नाकावर ओघळला. मी म्हणलं, "काढ की रं ती टोपी. उकडायलंय."

"राहू दे, अक्का," म्हणला. "दादानं घातलीय."