भूषणचं नाक

भूषण नंदी आधी आमच्याच दुकानात कामाला होता. हुगळीकाठच्या चंदननगरात, स्टेशन रोडवर, माझ्या वडिलांचं मासे धरण्याच्या सामानाचं दुकान. काठ्या, रिळं, दोरा, गळ, मोरपिसाच्या दांडीचे तरंगे, आणि मागच्या खोलीत मसाला. रविवारी तलावाकाठी बसणारा माणूस शनिवारी आमच्याकडे येणारच. बाकीचं सामान कोणीही विकेल, पण मसाला हाताचा असतो. मोहरीची पेंड, भाजलेली मेथी, ओवा, जटामांसी, आंबवलेला भात असं सगळं मळून त्याचे गोळे पाण्यात टाकले की रोहू-कटला वासावर गोळा होतात. कुठल्या तलावाला काय चालतं, थंडीत किती मुरवायचं, ते वजनकाट्यावर कळत नाही. नाकाला कळतं.

मी बावीस वर्षांचा होतो, भूषण चोवीसचा. एका शनिवारी भर गिऱ्हाइकांत बाबांनी आमच्यापुढे दोन वाट्या ठेवल्या. "दत्तांच्या तलावाचा मसाला कुठला?"

मी डावी वाटी उचलली. भूषणने दोन्ही हुंगल्या आणि म्हणाला, "बाबू, दोन्ही नाहीत. डावीकडची मेथी करपलीय, आणि उजवीकडचा अजून दोन दिवस मुरायला हवा."

बाबा एवढे हसले की त्यांना खोकला लागला. "हारू, तू आपला गल्ल्यावर बस बाबा. नाक भूषणचं."

चाळीस वर्षं होऊन गेली. त्या दिवशी हसलेली माणसं कोण कोण होती ते मला अजून नावानिशी सांगता येतं.

बाबा गेले आणि वर्षभराने भूषणने रस्त्याच्या पलीकडे, बरोब्बर समोर, स्वतःचं दुकान घातलं. आधी माझ्याकडे येऊन हात जोडून उभा राहिला. "छोटेबाबू, तुमची परवानगी असेल तर..."

"रस्ता काय माझ्या बापाचा आहे?" मी म्हणालो.

तेव्हापासून आजपर्यंत तो मला छोटेबाबूच म्हणतो. मला त्रेसष्टावं लागलंय.

त्याचं दुकान म्हणजे कपाट. आत एक माणूस उभा राहील एवढी जागा, मागे मसाल्याची खोली, बाहेर एक बाक. माझ्याकडे काचेची कपाटं, जपानी रिळं, दोन पंखे. लोक माझ्याकडून रीळ घ्यायचे, दोरा घ्यायचे आणि रस्ता ओलांडून त्या बाकावर दोन-दोन तास बसायचे. कोणाचा मासा दोरा तोडून कसा सुटला, कुठल्या तलावात पाणी कसं आहे, कोणाची बायको रविवारी घराबाहेर पडू देत नाही, सगळं तिथे चालायचं. मला इथून नुसत्या पाठी दिसायच्या. पाठीवरून मी माणूस ओळखायला शिकलो. माझी बायको बीथिका दुपारचा डबा घेऊन आली की म्हणायची, "स्वतःचं दुकान बघा जरा. मान वाकडी राहील एक दिवस."

एकदा तर हद्द झाली. भद्रेश्वरच्या तलावावर मी माझ्या मेव्हण्याला, प्रबीरला, गाठलं. मला बघताच त्याने मांडीखाली काहीतरी सरकवलं.

"काय रे ते?"

"काही नाही जामाईबाबू. जेवण."

"जेवणाला मेथीचा वास?"

तो उठला तेव्हा लुंगीला भूषणचा मसाला चिकटलेला होता. मी वर्षभर त्याच्या घरी जेवलो नाही. बीथिकाने मात्र विचारलं, "मासा लागला का त्याला?" लागला होता. सात किलोचा रोहू. तो खाऊन तिनेच तारीफ केली.

पुढे दोघांचाही धंदा उतरायला लागला. आधी तलाव गेले. एकेक करून बुजवले आणि त्यावर चार-चार मजली घरं उभी राहिली. मग फोनवरची खरेदी आली. पोरंसोरं माझ्या दुकानात येतात, काठी हातात घेऊन तोलून बघतात, रीळ फिरवून बघतात, कुठली काठी कुठल्या माशाला हे मला नीट विचारून घेतात, फोटो काढतात आणि घरी जाऊन दुसरीकडून मागवतात. भूषणचा मसाला त्या पाकिटांनी मारला. स्ट्रॉबेरीच्या वासाची परदेशी पाकिटं! कटल्याने जन्मात स्ट्रॉबेरी बघितलीय का? पण लोक घेतात. माझं गिऱ्हाईक आटत होतं, त्याचं वाईट वाटायचं. पण समोरचा बाक रिकामा दिसला की तेवढंच बरंही वाटायचं.

मग साथीचं वर्ष आलं. ताप आम्हा दोघांना आला, मी पंधरा दिवसांत बरा झालो. भूषणही बरा झाला असंच सगळे समजत होते. पुढच्या वर्षी दुर्गापूजेनंतर एका दुपारी त्याची बायको, आमची शेफाली बौदी, मागच्या दाराने माझ्या दुकानात आली. पदराखालून तिने स्टीलचा डबा काढला.

"दादा, याचा वास घ्या."

"काय आहे?"

"आधी घ्या तर."

मी झाकण उघडलं. "मेथी करपलीय. पार कोळसा झालाय."

ती तिथेच पाटावर बसली. "यांना कळलं नाही. त्या तापापासून नाक गेलंय. परवा नासलेलं दूध पिऊन टाकलं. कुणाला सांगत नाहीत, मलाही सांगितलं नव्हतं. तुम्ही शनिवारी एकदा नुसतं हुंगून सांगाल का?"

मला आनंद झाला. लपवून काय करू? इतकी वर्षं जे डोळ्यांत खुपत होतं ते आपोआप निघून पडलं होतं. "त्याला म्हणावं स्वतः ये," मी म्हणालो. बौदी डबा घेऊन गेली. त्या रात्री मी दोनदा भात मागून घेतला.

भूषण तीन आठवड्यांनी आला. अंगाने निम्मा झाला होता.

"छोटेबाबू, नाक गेलं."

"ऐकलं."

"पुढच्या रविवारी दत्तांच्या तलावावर स्पर्धा आहे. मृगांक डॉक्टर माझ्याकडून मसाला मागतोय. तुम्ही वास बघाल?"

"मी? माझ्या नाकाबद्दल बाबा काय म्हणाले होते, विसरलास?"

"नाही विसरलो," तो म्हणाला. "पण या रस्त्यावर दुसरं नाक उरलेलंच नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी मी गेलो. का गेलो ते नक्की सांगता येणार नाही. इतकी वर्षं ज्या खोलीत तो काय करतो याचा विचार करत होतो, ती खोली आतून बघायची होती हेही असेल.

तीन दिवस आम्ही त्याच्या मागच्या खोलीत बसलो. मळायचा तो. किती घट्ट, किती ओलं ते त्याच्या बोटांना ठाऊक होतं. मी वर वाकून हुंगायचो.

"आता?"

"अजून कच्चा आहे."

"ओल्या गोणपाटासारखा येतोय?"

"येतोय. पण मागे आंबट काहीतरी आहे."

"मग ओवा अजून थोडा. आता?"

"थांब." मी परत हुंगलं. "आता झाला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मलाही नवल वाटत होतं. मला सगळं कळत होतं. किती वर्षं कळत होतं आणि मी गल्ल्यावर बसून होतो, देव जाणे.

रविवारी मृगांक डॉक्टरला तेरा किलोचा कटला लागला. संध्याकाळी तो सहा-सातजणांना घेऊन, संदेश मिठाईचा खोका घेऊन भूषणच्या दुकानावर आला. एवढी गर्दी त्या बाकाने तीन वर्षांत बघितली नव्हती. डॉक्टरचा आवाज माझ्यापर्यंत आला, "भूषणदा, हात अगदी तसाच आहे हो तुमचा!"

भूषणने हात जोडले. एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

माणूस दुसऱ्यावर जळतो, ते समजू शकतं. मी माझ्याच मसाल्यावर जळत होतो. उठलो आणि तरातरा रस्ता ओलांडला. सांगून टाकायचं, बस्स.

"अरे, हारूदा!" डॉक्टर ओरडला. "या या, तोंड गोड करा. इतकी वर्षं समोर राहून तुम्हाला या माणसाची किंमत कळली नाही ना?"

सगळे हसले. भूषणचा चेहरा राखेसारखा झाला होता. एक वाक्य बोलायचं होतं, ते माझ्या ओठांवर होतं.

"तो दोरा बदला, डॉक्टर," मी म्हणालो. "तेरा किलो त्या जुन्या दोऱ्यावर आला हे तुमचं नशीब." संदेश खाल्ला आणि परत आलो.

मला दया आली असं मी म्हणणार नाही. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, बरोबर आहे, हारूदाने बघून बघून नक्कल केली. तेही भूषणच्याच खात्यात गेलं असतं. बीथिकाला घरी सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "माशाला तरी कळलं ना? मग झालं." मला काही ते पुरलं नाही.

दोन हिवाळे आम्ही असाच मसाला केला. मग दत्तांचा तलाव विकला गेला. मातीचे ट्रक आठवडाभर स्टेशन रोडवरून गेले आणि त्यानंतर भूषणने दुकान बंद केलं. शेवटच्या दिवशी कुठून कुठून माणसं आली. हुगळीहून आली, पार कल्याणीहून गंगा ओलांडून आली. गोस्वामी हेडमास्तर तर पंचेऐंशीच्या वयात काठी टेकत आले आणि बाकावर बसून रडले. मी माझ्या दारातून बघत होतो. माझं दुकान बंद होईल तेव्हा कोण रडेल, याची मनात यादी करून बघितली. बीथिका, तीही कदाचित.

आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

महिनाभर समोर बघायला काही नव्हतं. मग एक दिवस भूषणच्या घरी गेलो. तो ओट्यावर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता.

"घरात बसून बौदीचं डोकं खात असशील," मी म्हणालो. "दुकानात येऊन बस."

"कशाला, छोटेबाबू?"

"पंखा आहे."

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, केस विंचरून आला. आता रोज येतो. आठवड्याकाठी जी पाच-दहा माणसं येतात ती त्याच्याभोवती बसतात. कुठल्या तलावात पाणी कसं आहे ते त्याला विचारतात. मासा सुटल्याची गोष्ट त्याला सांगतात आणि हसतात त्याच्याच विनोदांवर. कधीकधी जाता जाता गळाचं एक पाकीट माझ्याकडून घेतात. मी दोन हातांच्या अंतरावर बसलेला असतो आणि आतून तसाच पेटलेला असतो.

काल सकाळी बंडेलहून एक माणूस आला. पायरीवरूनच आत डोकावला.

"भूषणदा आहेत का?"

"चहाला गेलाय," मी म्हणालो. "बसा. येईल एवढ्यात."

तो बसला. माझ्याशी काही बोलला नाही, पण त्याची नजर कपाटातल्या रिळाकडे गेली. मी उठून कपाट उघडलं आणि रीळ त्याच्या हातात दिलं.